कडब्याची कमान

मूर्तिजापूरच्या आसपासच्या हजारभर लग्नांचे फोटो मी काढले असतील. त्यांतल्या निम्म्या लग्नांची सजावट देवमनची होती, आणि त्यांतल्या एकाही फोटोत देवमन नाही. यात माझा दोष नाही. कॅमेरा डोळ्याला लावला की हा गृहस्थ खांबाआड जायचा. एकदा मी चिडून विचारलं, "अरे, तुला काय पोलीस शोधतायत का?" तर म्हणाला, "कमलाकांतभाऊ, फोटो लग्नाचे काढा ना. मी काय नवरदेव हाव का?"

आमच्या घरात तीन पिढ्यांची भिक्षुकी. मी कॅमेरा घेतला तेव्हा वडील म्हणाले होते, "मंगलाष्टकं म्हणायची सोडून म्हणणाऱ्यांचे फोटो काढणार तू!" म्हणजे लग्नातून माझी सुटका तशीही नव्हतीच. पण मला लग्नं आवडतात असा कोणी समज करून घेऊ नये. तो धूर सोडणारा पंखा, डोक्यावर घोंघावणारं ड्रोन, फुलांचा वास नसलेली प्लॅस्टिकची फुलं, सगळ्याची मला चीड येते. मी टिकलो तो मांडवामागे देवमनसोबत प्यायलेल्या चहावर.

देवमनकडे हॅकसॉच्या पात्याला धार लावून केलेली एक सुरी होती. तिला चिंध्यांची मूठ. त्या सुरीनं तो थर्माकोलमधून नवरा-नवरीची नावं कापायचा. पेन्सिलची रेघ नाही, छापा नाही. आणि नाव शेवटून कापायचा. 'रुक्मिणी' असेल तर आधी णी, मग क्मि, मग रु. का, विचारलं तर म्हणे, "पह्यल्या अक्षराकडे समदे पायतात. तोवर हात तापला पायजे." नाव मात्र एकसंध, शिरोरेघेला लोंबणारं. एकही अक्षर सुटं पडायचं नाही. त्या सुरीला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्याला खपत नसे. मनकर्णावहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, एकदा त्या सुरीनं भेंडी चिरली, तर हा दोन दिवस घरात कोणाशी बोलला नाही. वहिनी म्हणाल्या, "बरं झालं, दोन दिवस शांतता तं भेटली."

त्यानं थर्माकोल सोडला तो सरकारच्या बंदीमुळे, असं लोक समजतात. तसं नाही. बंदी नंतर आली. त्यानं थर्माकोल सोडला तो आचलमुळे.

आचल ही त्याच्याच गल्लीतली मुलगी. तिच्या लग्नात देवमननं दोन-दोन फुटी अक्षरांत 'आचल' आणि 'श्याम' कापलं होतं, वरून सोनेरी चमकी. आठ महिन्यांत ते लग्न मोडलं. का मोडलं ते मी सांगणार नाही. गावानं सांगायचं तेवढं सांगून झालं आहे. ती माहेरी परत आली आणि शिवणकाम करू लागली. चार वर्षांनी दसऱ्याच्या आधी बायका नाल्यावर गोधड्या धुवायला गेल्या, त्यांत आचलही होती. पुरानं वाहून आलेला कचरा बेशरमीच्या झुडपांत अडकला होता. त्यात तिला स्वतःचं नाव दिसलं. चमकी गेली होती, पण नाव अख्खं होतं. आ, च, ल, वरची रेघही शाबूत.

तिनं ते उचललं, धुतलेल्या गोधड्यांवर ठेवलं आणि डोक्यावर घेऊन भर गावातून देवमनच्या अंगणात आली. मी तेव्हा तिथं अल्बम दाखवायला गेलो होतो, म्हणून हे मी ऐकीव सांगत नाही. ती ओरडली नाही. म्हणाली, "काका, माह्यं लगन आठ महिने टिकलं. तुमचं हे चार वर्ष झाले तरी तसंच हाय. आता हे कुठी टाकू, तेवढं सांगा."

देवमननं ते तिच्या डोक्यावरून उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी तो पोतं घेऊन नाल्यात उतरला. तीन दिवस तो नाल्यातून लोकांची नावं वेचत होता. तीन पोती भरली. जाळावं तर त्याचा तो घाणेरडा धूर, पुरावं तर ते मातीत मिसळत नाही. शेवटी त्यानं ती पोती घरच्या माळ्यावर चढवली, आणि पुढच्या मोसमात आलेली सगळी कामं परत पाठवली. मी त्याला वेडा म्हणालो. वहिनी याहून बरंच काही म्हणाल्या.

वर्षभर तो नुसता शेतात जाऊन बसायचा. दोन एकराचं त्याचं शेत, तुरी आणि कपाशीच्या मधल्या चार ओळी ज्वारीच्या. तिथं एक दिवस त्यानं सवयीनं ज्वारीचा धांडा मोडला आणि सोलला. वऱ्हाडात ज्यांचं लहानपण गेलं आहे त्यांना सांगायला नको. धांड्याची कडक साल काढली की आत पांढराशुभ्र, हलका, दाबला तर दबणारा गाभा निघतो. सालीच्या बारीक चोयट्या त्या गाभ्यात टोचून आम्ही लहानपणी गाड्या करायचो, बैलजोड्या करायचो, चष्मे करून नाकावर लावायचो. डिंक लागत नाही, खिळा लागत नाही. देवमन म्हणतो, तो गाभा हातात धरून तो किती वेळ बसला होता त्यालाच ठाऊक नाही. चाळिशी ओलांडलेला माणूस, आणि त्याला हे आधी सुचलं नव्हतं याचा त्याला राग आला होता.

मग सुरू झाली त्याची कडब्याची सजावट. धांडे शेजारी शेजारी ठेवून, चोयट्यांनी जोडून तो पाट्या करायचा आणि त्यातून तीच सुरी फिरवायचा. तुराट्यांच्या जाळ्या विणून स्टेजच्या मागे लावायच्या. कापूस वेचल्यावर पऱ्हाटीवर राहतात ती वाळली बोंडं पाकळ्या उघडल्यासारखी दिसतात, त्यांच्या माळा. खांबांना घरातली जुनी लुगडी गुंडाळायची, म्हणजे आजीचं लुगडं नातीच्या लग्नात पुन्हा मिरवतं. आचल त्याच्या हाताखाली आली ती तेव्हाच. पळसाच्या पानांची फुलं आणि संत्र्याच्या वाळल्या सालींची तोरणं ही तिची कल्पना. धांडे सोलणं, चोयट्या काढणं, सगळं ती करायची. सुरी मात्र नाही. लग्न उरकलं की देवमन सगळं उतरवून गावातल्या गाई-म्हशींपुढे टाकायचा किंवा उकिरड्यात लोटायचा. पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्याचं खत झालेलं असायचं. कामं थोडी यायची, पण यायची.

आणि मग त्याच्या लेकीचं, दामिनीचं, लग्न ठरलं.

दामिनी अकोल्याला दवाखान्यात नर्स आहे. नवरदेव अमोल, मोर्शीकडचा, संत्र्याच्या बागा असलेलं घर. त्याचे वडील भगवंतराव हे भलतेच हौशी गृहस्थ. घरी ट्रॅक्टर आहे, तरी पोळ्यात मिरवायची म्हणून एक खिल्लारी जोडी पाळलेली. सुपारी फुटली तेव्हा सजावटीचा विषय निघाला. देवमन होणाऱ्या व्याह्यांना म्हणाला, "इवाई, कमान मी सोता करतो. कडब्याची." भगवंतराव मोठ्यानं हसले. "कडबा? कडबा तं आमच्या घरी बैल खातेत, इवाई!" सगळी बैठक हसली. देवमनही हसला, पण मला त्याचं हसणं ओळखू येतं. नंतर चहा घेताना म्हणाला, "भाऊ, माह्यी पोरगी माह्या हातच्या नावाखालून सासरी जाईन. बाकी मले काही नाही पायजे."

एवढंच त्याचं मागणं होतं. लोकांच्या शेकडो पोरी त्यानं कापलेल्या नावांखालून गेल्या होत्या. आपली जावी, असं कोणाही बापाला वाटेल.

लग्न कार्तिक सरल्यावर, कडबा नुकताच हाती येतो त्या दिवसांत. देवमननं धांडे थोडे हिरवटच घेतले, कारण तसा गाभा जास्त पांढरा दिसतो. मग कीड लागू नये म्हणून मिठाच्या पाण्यातून काढून सावलीत सुकवले. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो आहे. कडब्याची पाटी थर्माकोलपेक्षा जड, उंच टांगता येत नाही, म्हणून कमानीच्या दोन खांबांवर दोन नावं उभी लावली. डावीकडे 'अमोल', उजवीकडे 'दामिनी', कमरेपासून डोक्यापर्यंत. मी पंचवीस वर्षांत पाहिलेलं त्याचं सगळ्यात देखणं काम. पांढऱ्या अक्षरांना भोवती बोंडांची किनार, वर आचलची संत्रासालींची तोरणं. दामिनीनं 'नी'च्या वेलांटीवरून बोट फिरवलं आणि ती बापाला बिलगून उभी राहिली.

लग्नाच्या दिवशी सकाळी वऱ्हाड मोर्शीहून आलं. त्यांच्या गाड्यांच्या मागे एक टेम्पो होता आणि टेम्पोत भगवंतरावांची खिल्लारी जोडी. पोरगा बैलगाडीतूनच मांडवात जाईल, असा त्यांचा हट्ट. गावातल्या कोणाची तरी जुनी दमणी धुऊन-पुसून काढली. शिंगांना रंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ. वऱ्हाड शाळेत उतरलं होतं, त्या जानोशापासून देवमनच्या दारातल्या मांडवापर्यंत अर्धा तास वाजतगाजत वरात आली. मी पुढे उलटा चालत फोटो काढत होतो. खरं सांगतो, छान दिसत होतं. माझी चीड त्या दिवशी रजेवर होती.

कमानीशी वरात थांबली. पोरं नाचू लागली. गाडी हाकणारा उतरून नाचायला गेला. भगवंतराव इवायांच्या गळाभेटीत. देवमन आत मांडवात, कारण भटजींनी त्याला पाटावर बसवून ठेवलं होतं. बैल कमानीच्या अगदी तोंडाशी उभे. त्या गावात आता बैलजोड्या तीन-चारच उरल्या आहेत, कमानीपुढे बैल उभा राहण्याची वेळ कित्येक वर्षांत आली नव्हती. त्यामुळे जे कुणाही शेतकऱ्याला आधी सुचायला हवं होतं ते एकालाही सुचलं नाही. मलाही नाही. माझ्या कॅमेऱ्यात त्या नाचाचे साठ-सत्तर फोटो आहेत. ते ओळीनं पाहिले तर पहिल्यात मागे 'अमोल' आहे, मग 'मोल' आहे, मग नुसता खांब आहे. मी पोरांचे चेहरे टिपत होतो.

कोणीतरी ओरडलं तेव्हा डावा बैल नवरदेवाचं नाव संपवून झुलीसकट उजवीकडे वळला होता आणि दोघांच्या तोंडात दामिनी होती. ताजा धांडा, वरून मिठाचं पाणी. त्यांचा काय दोष? हाकणारा धावत येऊन वेसण धरेपर्यंत उजव्या खांबावर फक्त 'नी' उरला होता.

बँड थांबला. कोणीतरी हसलं, आणि त्याला कोणी साथ दिली नाही. बायकांत कुजबुज सुरू झाली. "नाव खाल्लं वं बैलानं... चांगलं नाही होय हे." देवमन बाहेर आला. त्यानं खांबावरच्या चघळलेल्या चोयट्यांवरून हात फिरवला आणि ओट्यावर जाऊन बसला. मला त्याच्याकडे बघवेना. मी कॅमेरा खाली घेतला.

भगवंतरावांचा चेहरा पडला होता. ते देवमनपुढे येऊन उभे राहिले. "इवाई, चूक माही हाय. टेम्पोत चढवाचं म्हणून सकायपासून चारा नाही टाकला मी त्याईले." मग म्हणाले, "अन् तवा जे बोललो मी, ते बोलाले नव्हतं पायजे." मुलीच्या बापापुढे मुलाचा बाप असा उभा राहिलेला मी एवढ्या वर्षांत पाहिला नव्हता.

देवमन म्हणाला, "जाऊ द्या, इवाई. बैल व्हयं ते." पण उठला नाही.

तेवढ्यात आचल घरामागून उरलेल्या धांड्यांचा भारा ओढत घेऊन आली. तिनं तो ओट्यापुढे टाकला आणि शांतपणे म्हणाली, "काका, पाठवणी चार वाजता हाय. टाइम हाय अजून."

"मले कुठी टाइम हाय?" देवमन म्हणाला. "मुहूर्त व्हतो आता. कन्यादान कोन करन?"

खरंच होतं ते. मुहूर्त अर्ध्या तासावर, पुढे सप्तपदी, पंगती, आहेर. बापाला पाटावरून हलता येणार नव्हतं. कमान तरी नाही, नाहीतर कन्यादान तरी नाही.

"मंग सुरी द्या," आचलनं हात पुढे केला.

देवमन तिच्याकडे पाहत राहिला. मनकर्णावहिनी दारात उभ्या होत्या. आतून भटजींनी हाक मारली. देवमननं सदऱ्याच्या खिशातून सुरी काढली, मुठीवरची चिंधी उगीच नीट केली आणि आचलच्या हातावर ठेवली. "शेवटून कापजो," एवढं म्हणाला आणि आत गेला.

आचल धांडे सोलायला बसली. भगवंतरावांनी डोक्यावरचा फेटा काढून अमोलच्या मांडीवर ठेवला, धोतर सावरलं आणि ते तिच्या शेजारी मातीत बसले. "पोरी, अक्षर मले येत नाहीत अशे. पन धांड्याची गाडी मी लय केली." मग मोर्शीचे आणखी दोन म्हातारे बसले. मग आमच्या गावचे. आचाऱ्याच्या सुऱ्या आल्या, कोणाच्या खिशातला चाकू आला, दाढीचं पातं आलं. मंगलाष्टकं झाली, अक्षता उधळून पुन्हा सगळे बाहेर येऊन बसले. पंगतीला हाका मारून वाढपी दमले. साठ-साठ, सत्तर-सत्तर वर्षांची माणसं, अंगावर लग्नाचे कपडे, आणि मांडीवर सोललेले धांडे. "चोयटी आडवी घाल रे, फाटते ते." "तू काय मले शिकवतं?" इकडच्यांचं आणि तिकडच्यांचं हे भांडण तीन तास चाललं. मीही एक काना केला. वाकडा झाला.

आचलनं 'नी'ला हात लावला नाही, तो देवमनचा होता. 'मि' तिनं कापला आणि 'दा' भगवंतरावांनी. तो 'दा' इतका जाड झाला की त्याला खांब पुरेना. 'अमोल'चं प्रत्येक अक्षर वेगळ्या माणसाचं, वेगळ्या उंचीचं. उरलेल्या गाभ्यातून भगवंतरावांनी एक टीचभर बैलजोडी केली आणि तीही दामिनीच्या नावाखाली टोचली. ते गंभीरपणे म्हणाले, "यायनंच खाल्लं, तं राखनही यायनंच केली पायजे."

चार वाजता पाठवणी निघाली. देवमन पोरीचा हात धरून कमानीपाशी आला आणि थांबला. आयुष्यात ज्यानं एक वेलांटी तिरकी जाऊ दिली नाही, त्यानं ती दोन नावं वरपासून खालपर्यंत पाहिली. त्याचा हात सवयीनं खिशाकडे गेला. खिशात सुरी नव्हती. आचल बाजूला उभी होती, तिच्या हातात होती. त्यानं मागितली नाही.

दामिनी रडत होती. तिनं तो जाडजूड 'दा' पाहिला आणि रडता रडताच तिला हसू फुटलं. "बाबा, हे तुमच्या हातचं नाही वाटत."

"नाही," देवमन म्हणाला. "तुह्या सासऱ्याचं हाय."

भगवंतरावांनी मान खाली घातली. दामिनी वाकून त्यांच्या पाया पडली, मग बापाच्या, मग आचलच्या गळ्यात पडली, आणि त्या दोन नावांमधून गाडीकडे गेली. मी फोटो काढले. ते जरा हलले आहेत. त्याचं कारण मी सांगणार नाही.

गाड्या गेल्या. भगवंतराव बैल टेम्पोत चढवण्यासाठी मागे थांबले होते. देवमननं कमान उतरवायला घेतली. एकेक अक्षर काढायचं, हातानं मोडायचं आणि बैलापुढे धरायचं. आता बैलांचं पोट भरलेलं होतं, ते सावकाश खात होते. 'अमोल' गेला. भगवंतरावांचा 'दा' मोडायला दोन्ही हात लागले. मला राहवलं नाही. "अरे, पोरीचं नाव तरी ठेव घरात. आठवण म्हणून."

देवमननं माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, आचलचं नाव अजून माह्या माळ्यावर हाय पोत्यात," तो म्हणाला. "आता पोरीचंही ठेवू?"

आचल तिथंच चोयट्या झाडत होती. तिनं खराटा भिंतीला लावला आणि जवळ आली. देवमनच्या हातात शेवटचा 'नी' होता, त्याचा स्वतःचा, सकाळपासून वाचलेला. तिनं तो त्याच्या हातातून घेतला आणि बैलाच्या तोंडाशी धरला. मी कॅमेरा वर केला. समोर बैल, आचल आणि देवमन, तिघंही होते. देवमननं मला पाहिलं, पण तो हलला नाही.